शालीक सूड बोल्ड कंडेन्स्ड

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी.

आज पुन्हा म्हशीखाली बसलो आणि वर नजर गेली. नको तेच झालं. गोठ्यावर बायकोनं, धनवंतानं, मागच्या मंडईचा जुना फ्लेक्स ताणून बांधलाय. पांढरी बाजू बाहेर, छापलेली आत. त्यामुळे रोज दूध काढताना माझ्या डोक्यावर माझंच नाव असतं. 'रंगकाम व पडदे : शालीक पेंटर'.

नाव आहे ही तक्रार नाही. कसं आहे ही तक्रार आहे. दुर्गेश लंजेनं ते माऊसनं दोन्ही बाजूंनी दाबून बसवलंय. जागा कमी पडली म्हणे. उभ्या रेघा सुतळीएवढ्या झाल्या, वरची आडवी रेघ तेवढीच जाड राहिली. शालीक पेंटरला महिनाभर उपाशी ठेवल्यासारखं दिसतं.

हा दुर्गेश माझ्याच हाताखाली शिकला. मी आउटलाइन मारायचो, तो रंग भरायचा. नंतर त्यानं फ्लेक्सची मशीन आणली, आणि गावच्या मंडईचा बोर्ड, जो मी वीस वर्षं हातानं रंगवला, तो त्याच्याकडे गेला. साधा बोर्ड नाही तो. दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच, पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं, आणि बस स्टॉपवरचा बोर्ड वाचूनच चार गावचे लोक ठरवतात की आमच्याकडे यायचं की दुसरीकडे जायचं.

काल झेंडावंदनानंतर मंडई कमिटीचे अध्यक्ष केशोराव भेटले. म्हणाले, मागच्या वर्षीचा बोर्ड कोणाला वाचताच आला नाही. नाटकाचं नाव लांब, कलाकारांची गर्दी, बोर्ड अरुंद. "तुया हातचं अक्षर कसं दुरून दिसे, शालीक. तसंच कम्प्युटरमंदी करून आन. औंदाचा बोर्ड तुलेच."

ठरलं. मी माझा स्वतःचा फॉन्ट बनवणार. जाड. अरुंद. ठोकळा अक्षर, ना कलमाचा कट, ना टोकाला शेपटी. बोर्ड परत माझा होणार, आणि दुर्गेशचं नाव त्या बोर्डावर मी इतकं बारीक घालणार की त्याला स्वतःला शोधायला चष्मा लागेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

दीप्तीला फोन केला. ती गोंदियाला राहून कम्प्युटरचा कोर्स करते, तिचा जुना लॅपटॉप इथेच आहे. ती म्हणाली, एकेक अक्षर कागदावर काढायचं, मोबाईलनं फोटो घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये कडा ट्रेस करायच्या, मग ते कीबोर्डला जोडायचं. मात्रा, जोडाक्षरं, आकडे मिळून काही शेकडे होतात. "बाबा, मंडईपर्यंत नाही होणार." मी म्हणालो, पंधरा दिवसांत करतो. मुलीला बापाच्या हाताची कल्पना नाही.

तिनं फॉन्टचं नाव काय ठेवायचं विचारलं. 'शालीक सूड बोल्ड कंडेन्स्ड'. ती म्हणाली, नुसतं 'शालीक' चालणार नाही का? नाही चालणार.

एक गोष्ट आज लिहून ठेवतो, कारण या तालुक्यात हे दुसऱ्या कोणाला समजत नाही. रुंद अक्षर दाबलं म्हणजे अरुंद होत नाही, नुसतं दाबलेलं होतं. अरुंद अक्षर जन्मापासूनच अरुंद असावं लागतं. जाड रेघ, आत पांढरी फट, आणि ती फट बसच्या खिडकीतूनही बुजता कामा नये. दुर्गेशला मी हे हजारदा सांगितलं होतं. तेव्हा तो मान हलवायचा. जेवणाच्या डब्यावर लक्ष असणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

आज काम करायचं नव्हतं. पण संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले आणि माझं डोकं फिरलं. निम्म्या बैलांच्या पाठीवर फ्लेक्सच्या झुली. 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा. दुर्गेश फ्लेक्स.' उरलेल्या तुकड्यांवर छापून त्यानं फुकट वाटल्या. लोक खूश. बैलाची पाठ एवढी ऐसपैस, तरी अक्षर दाबलेलंच!

दुर्गेशनं लांबून हात जोडले. "राम राम, दादा." मी बैलाकडे बघून मान हलवली. त्याला वाटलं त्याला हलवली. वाटू दे. आणखी दोन महिने वाटू दे.

उद्या पहाटेपासून सुरुवात.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुरुवात झाली. (शनिवारी आणि रविवारी तयारी केली. पेन्सिलींना टोक.)

अ पासून सुरू करावं असं सगळे सांगतील. मी द पासून केली. अ काढताना हाताला राग येत नाही, द काढताना येतो. दुर्गेशचा द. त्याचं पोट मी असं आवळलं की आत एक चिरीएवढीच पांढरी फट राहिली, पण राहिली. भिंतीवर कागद टाचून अंगणाच्या टोकाला, हौदापाशी जाऊन पाहिलं. तिथूनही वाचता येतो. माझ्याइतका द या जिल्ह्यात कोणी काढलेला नाही.

धनवंतानं विचारलं, पूर्ण दिवसात एकच अक्षर झालं का जी? मी सांगितलं, पाया असाच घालतात.

३१ ऑगस्ट, रविवार

दीप्तीनं एक कामाची गोष्ट सांगितली. अक्षर सुटं तपासायचं नाही, ओळीत तपासायचं. नमुन्याला खरा मजकूर घ्यायचा, जो खऱ्या बोर्डावर लागतो.

मी विचार केला. आपल्या चौकात सगळ्यात जास्त काय लागतं? वाढदिवस. आणि दुसरं, भावपूर्ण श्रद्धांजली. वाढदिवसाचा मजकूर मला जमेना, मन होत नव्हतं. श्रद्धांजली घेतली. तिच्याखाली नाव तर लागतंच. नुसती श्रद्धांजली हवेत लटकत ठेवता येत नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली. दुर्गेश लंजे.'

फक्त टेस्टिंगसाठी. मनात काही नाही. उलट सोय किती बघा. लंजेचा ल आणि ज श्रद्धांजलीत आधीच आहेत. द पण आहे, श पण आहे. वेगळा काढायचा तो एक ग. मनुष्य मरायलाच इतका सोयीचा असेल तर त्यात माझा काय दोष.

१० सप्टेंबर, बुधवार

काम जोरात. पितृपक्ष लागलाय, या मजकुराला दिवसही शोभतात.

श वर चार दिवस गेले. श म्हणजे अवघड प्रकार, गाठ जाड केली की बुजते, बारीक केली की दुबळी दिसते. शेवटी जमला. मग वाटलं, दुर्गेशच्या शेवटी येणारा श आणि श्रद्धांजलीतला श्र यांचं वजन सारखं दिसत नाही. परत केला.

आज ठरवलं होतं की क, म, स, त काढून टाकायचे. कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि हात आपोआप र्गे वर गेला. ती र ची टोपी थोडी उजवीकडे सरकलेली होती. ती नीट केली. संध्याकाळ झाली. क काय, कधीही होईल. सोपं अक्षर आहे.

धनवंता धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आली आणि दारातूनच सुरू झाली. "कायले मोबाईलवर डोये फोडून रायले जी? इटियाडोह धरनाचं पानी नहरात आलं, सारं गाव बांधीत हाय, तुमी घरी बसून नखाएवढ्या चित्रात काय पाहून रायले?" मी सांगितलं की हे आपल्या घराण्याच्या इज्जतीचं काम आहे. ती म्हणाली, इज्जतीले बांध फोडता येते का ते सांगा. अशा वातावरणात कला होते हेच नवल.

२० सप्टेंबर, शनिवार

फॉन्टची पहिली फाइल तयार! नमुन्याच्या ओळीसकट दीप्तीला पाठवली. तिनं लगेच फोन केला, आवाज घाबरलेला. "बाबा, दुर्गेशकाकांना काय झालं?" मी म्हणालो, काही नाही झालं, धडधाकट आहे, हीच तर अडचण आहे. तिनं पुढचं ऐकून घेतलं आणि विचारलं की बाकीची अक्षरं कुठे आहेत. मी सांगितलं, मुख्य काम झालं, आता किरकोळ उरलंय.

ती म्हणाली, अक्षर सुंदर आहे बाबा. मग म्हणाली, पण दुसरं काहीतरी लिहा ना. ही आजची पिढी. त्यांना सगळं लगेच पाहिजे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

संध्याकाळी दुर्गेश सोनं द्यायला घरी आला. बायको-पोरांसकट. पाया पडला. म्हणाला, "दादा, तुमच्या हातानं बोर्ड शिकलो, विसरलो नाई जी." मी आपट्याचं पान डाव्या हातानं दिलं. त्याच्या लक्षात आलं नाही. धनवंताच्या आलं. तिनं त्याला दोनदा चहा दिला, मला एकदा.

तो बसला होता त्याच्या पाठीमागे भिंतीवर माझा द टाचलेला. त्यानं वळून पाहिला असता तर मी काय केलं असतं माहीत नाही. पाहिला नाही. हा मनुष्य अक्षराकडे पाहतच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे.

जाताना म्हणाला की यंदा बोर्ड तुम्ही करताय असं केशोरावांनी सांगितलं, लई बरं झालं, मले कटाऊटचं काम आहे. बरं झालं म्हणे! आतून जळत असणार. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही एवढंच.

७ ऑक्टोबर, मंगळवार. गोंदियाहून परत आल्यावर.

डिस्प्लेचं, म्हणजे बोर्डावरचं मोठं अक्षर स्क्रीनवर कळत नाही. मोठं छापूनच बघावं लागतं. दुर्गेशच्या मशीनवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून सौंदडहून सकाळची गाडी धरून गोंदिया गाठलं.

बाजारातल्या फ्लेक्सवाल्यानं फाइल उघडली, टोपी काढली. "बहुत दुख हुआ, भैया. आपके कौन लगते थे?" मी म्हणालो, शिष्य होता. तो म्हणाला, उमर क्या थी? मी सांगितलं. त्यानं फोटो मागितला, फोटोशिवाय कशी श्रद्धांजली. मी म्हणालो, फोटो नको, नुसतं अक्षर. तो म्हणाला, समझ गया, आप से देखा नहीं जाएगा. आणि मला पाणी दिलं. खरं सांगतो, ते पाणी मी मान खाली घालून प्यायलो. मनुष्य वाईट होता, पण गेला म्हटल्यावर वाईट वाटतंच.

परतीच्या गाडीत गुंडाळी मांडीवर उभी धरून बसलो होतो. एक टोक सुटून 'श्रद्धांजली' एवढंच बाहेर आलं. समोरच्या बाईनं पोराला माझ्या जवळून बाजूला घेतलं आणि मला केळं दिलं. डब्यात लोक हळू बोलायला लागले. डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्यानं तिथूनच वाचून विचारलं, कोण गेलं बाप्पा? डब्याच्या टोकावरून! हलत्या गाडीत! याला म्हणतात बोल्ड कंडेन्स्ड.

फ्लेक्स माळ्यावर, धानाच्या रिकाम्या पोत्यांमागे ठेवला. धनवंताला सांगितलं की सँपल आहे, हात लावायचा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जेवणाआधी माळ्यावर जाऊन थोडा उघडून पाहतो. जेवण चांगलं जातं.

१२ ऑक्टोबर, रविवार

केशोराव घरी आले. नाटक ठरलं. 'सूड उगवला विहिणीनं'. तीन अंकी, वडसाची नाटकमंडळी.

मी अक्षरशः शहारलो. सूड! देवानं माझ्या फॉन्टचं नाव वाचूनच नाटक पाठवलंय. केशोरावांना म्हणालो, तुम्ही निवांत राहा, हे नाव मी असं बसवतो की विहिणींचे नवरेही लांबून घाबरतील. ते म्हणाले, भाऊबीजेपर्यंत पायजे, नाई तं दुर्गेशले सांगावं लागन.

ते गेल्यावर लॅपटॉप उघडला. स दाबला. चौकोन आला. ड दाबला. चौकोन. सूड लिहायला माझ्याकडे स नाही. विहिणीनं लिहायला ह नाही. न सुद्धा नाही.

माझ्याकडे जेवढी अक्षरं आहेत ती श्रद्धांजलीत आहेत, दुर्गेशमध्ये आहेत आणि लंजेमध्ये आहेत. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. भाऊबीजेला वेळ आहे. स उद्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

स झाला नाही. कारणं लिहून ठेवतो, नंतर कोणी बोलू नये म्हणून. एक दिवस लाइट नव्हती. एक दिवस लाइट होती पण स काढायला लागलो की श सारखा व्हायला लागला, आणि श म्हटला की मला पुढचा लंजे दिसतो. धनवंतानं दोन दिवस कापणीला नेलं. मी म्हणालो माझ्या हाताला विळा धरवत नाही, हे नाजूक हात आहेत. ती म्हणाली, "नाजूक हाताले भात कसा धरवते?" आणि हलका, लवकर येणारा धान कापूनच घेतला.

दुसरं म्हणजे दुर्गेशचा द. बारकाईनं पाहिलं तर पोट अजून थोडं आवळता येईल. ते आज करून टाकलं. आता तो द पूर्ण झाला असं म्हणायला हरकत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

केशोराव आले. बोर्ड मागितला. मी म्हणालो की कला घाईनं होत नाही. ते म्हणाले, मंडईही थांबत नाई. बोर्ड दुर्गेशकडे गेला.

वीस वर्षं तो बोर्ड माझा होता. लोक बसमधून उतरून आधी तो वाचायचे आणि मग विचारायचे, कोणाच्या हातचा? यंदाही दुर्गेश दोन्ही बाजूंनी दाबणार, विहिणीला उपाशी ठेवणार, आणि गाव वाहवा करणार.

ठीक आहे. बोर्ड गेला, पण फॉन्ट माझा आहे. तो मी कोणालाही देणार नाही. दुर्गेश पाया पडत आला तरी नाही. त्याला कळू दे की काय गमावलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सर्वनाश.

दुपारी अचानक आभाळ काळं झालं. रस्त्याकडच्या बांधीत आमचं पुंजणं लागलंय, कापलेल्या भाऱ्यांचा सगळा ढीग तिथेच. धनवंता पळत घरी आली, झाकायला जे मिळेल ते घेतलं. गोठ्यावरचा फ्लेक्स ओढून काढताना उभा फाटला. मग माळ्यावर चढली. पोत्यांमागून गुंडाळी काढली.

मी तेव्हा घरात नव्हतो. पानटपरीवर केशोरावांच्या स्वभावाबद्दल लोकांना सांगत होतो.

पाऊस तासभर पडला आणि उघडला. ऊन आलं. आणि रस्त्याकडेला, पुंजण्यावर ताणलेला, धुऊन निघालेला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेला, छापलेली बाजू वर: भावपूर्ण श्रद्धांजली. दुर्गेश लंजे.

साकोलीची बस तिथे थांबली म्हणे. कंडक्टरनं उतरून हात जोडले. केशोराव बातमी ऐकून तसेच दुर्गेशच्या घरी गेले, नारळ आणि पांढरं कापड घेऊन. दार दुर्गेशनं उघडलं. केशोराव तिथेच खाली बसले.

धनवंताला विचारलं, वाचता येत नव्हतं का? ती म्हणाली, "पानी येऊन रायलं होतं. धान झाकू का वाचत बसू? आन तुमच्या सँपलमंदी कोन मेला हाय हे मले कसं माहीत राहीन?" मग दाराआड जाऊन पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती.

उद्या मी गाव सोडून दीप्तीकडे जातोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेलो नाही. गाडी चुकली. (उशिरा निघालो.)

धनवंता म्हणाली की भारे उलटायचे आहेत, चला. म्हणून बांधीत गेलो, आणि तेवढ्यात रस्त्यावर दुर्गेशची मोटरसायकल थांबली. मी पुंजण्यामागे बसलो. भीती नाही, भारे पाहत होतो.

तो उतरला. आला. फ्लेक्ससमोर उभा राहिला. मी वाट बघत होतो की आता फाडेल, शिव्या देईल. मी तर तयारच होतो, मला भांडण पाहिजेच होतं. तो जवळ आला. बोट लावून द च्या आतली फट मोजली. मग ज ची. मग मागे सरकत सरकत पार रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेला आणि तिथून पाहिलं. मी हौदापाशी जाऊन पाहायचो तसंच.

मग ओरडून म्हणाला, "दादा, मागं बसले असान तं समोर या जी." आलो. तो म्हणाला, "दाबलं नाई तुमी. कुठंच दाबलं नाई. सुरूपासूनच अरुंद काढलं." आणि पुन्हा म्हणाला, "हे तुमी मले सांगत होते ते आता समजलं जी. या अक्षरात मरालेबी हरकत नाई."

काय सांगू. अख्ख्या तालुक्यात एका माणसाला कळलं, आणि तो हाच निघाला. मला फार बरं वाटलं. आणि ते वाटलं म्हणून भयंकर राग आला.

त्यानं हात जोडून फॉन्ट मागितला. मंडईच्या बोर्डासाठी. लक्षात घ्या, हात जोडून. म्हणजे शत्रू शरण आला. सूड पूर्ण झाला तो हा असा. मी अटी घातल्या. नाटकाचं नाव याच फॉन्टमध्ये. खाली माझं नाव, तेही याच फॉन्टमध्ये, न दाबता. तो म्हणाला, "तुमी म्हनान तसं."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पेन ड्राइव्ह दिला. तो म्हणाला, सगळी अक्षरं आहेत ना दादा? विजयाच्या क्षणी मनुष्यानं बारीकसारीक बोलू नये. मी म्हणालो, मुख्य सगळी आहेत.

दोन दिवसांत स, ड, उ, ह, न आणि माझ्या नावाचे क, ट काढून त्याला नेऊन देतो. राग असला की माझा हात झपाट्यानं चालतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज राग येत नव्हता. काल दुर्गेश बोलला ते डोक्यात होतं. दिवसभर कागदासमोर बसलो. एकही अक्षर झालं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार. मंडई.

दहा वाजता बस स्टॉपवर गेलो. नवा शर्ट. गर्दी. बोर्ड एवढा मोठा, दोन बांबूंवर.

वर नाटकाचं नाव. दाबलेलं. विहीण पार वाळलेली. त्याखाली कलाकार. दाबलेले. कमिटी, केशोराव, सगळे दाबलेले, डोळे मिचकावून वाचावेत असे.

आणि मधोमध, जाड, अरुंद, ठणठणीत, एकेक फट मोकळी, रस्त्याच्या पलीकडून, वळणावरून, थांबायच्या आधीच बसमधून दिसेल अशी एकच ओळ: 'दुर्गेश लंजे'.

खाली कोपऱ्यात माझं नाव. 'अक्षर : शालीक पेंटर'. दोन्ही बाजूंनी दाबून.

दुर्गेश धावत आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "दादा, लई खटपट केली जी. तुमचं नाव मारलं तं क च्या जागी चौकोन ये, पेंटरमंदीबी चौकोन ये. विहिणीत तं चौकोनच चौकोन. माझं नाव तेवढं पुरं आलं." त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. तेच मला सहन होईना.

बसमधून पाहुणे उतरत होते. बोर्ड वाचत होते. एक जण दुसऱ्याला विचारत होता, हा दुर्गेश लंजे कोण जी? हिरो दिसते. कोणीतरी म्हणालं, अक्षर पाह्य ना कसं हाय.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

गोठ्यावरचा जुना फ्लेक्स त्या पावसात फाटलाच होता. मंडई झाली, बोर्ड उतरला. दुर्गेशनं तो आपणहून मोटरसायकलवर घालून घरी आणून दिला. धनवंतानं कालच ताणून बांधला. पांढरी बाजू बाहेर, छापलेली आत.

आज म्हशीखाली बसलो. उजाडायचं होतं, गोठ्यात दिवा नव्हता. वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. माझं नाव कुठल्या कोपऱ्यात आहे ते अंधारात सापडलं नाही.

त्याचं स्वच्छ वाचता आलं.